चंद्रावतीच्या वायरी

माझी बायको चंद्रावती आजार लपवून बसली आणि त्यातच गेली, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. दहा महिने मीही तेच म्हणत होतो. माझी एकुलती मुलगी शांती रोह्याला दिली आहे. ती तर आईवर रागावूनच होती. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, आईनं एक शब्द सांगितला असता तर आज ती इथे असती, तिनं आपल्याला परकं समजलं. आईसाठी ती रडलीही नाही. मी तिला काही बोललो नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

खरं काय ते मला वायरींमुळे कळलं.

माझा लाऊडस्पीकरचा धंदा आहे. घर पेणजवळ जोह्याला, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या गावात. दोन मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर, सहा कर्णे, दोन बॉक्स, चार माईक आणि चौदा वायरी. लग्न, हळद, सत्यनारायण, गणपती, निवडणुकीची सभा, काहीही असो, पेणपासून रोह्यापर्यंत मी सामान नेतो. लोक कर्णे बघतात, मशीनचे दिवे बघतात. वायरीकडे कोणाचं लक्ष नसतं. पण निम्मं काम तिच्यावर असतं. ती आतून तुटली तर वरून दिसत नाही, आणि भर कार्यक्रमात आवाज जातो.

बहुतेक स्पीकरवाले वायर अंगठा आणि कोपर यांच्यामधून गरागरा गुंडाळतात. मीही तशीच गुंडाळायचो. तशी गुंडाळली की प्रत्येक फेऱ्याला वायरीत एक पीळ जातो. वीस फेरे म्हणजे वीस पीळ. दुसऱ्या दिवशी सोडायला गेलं की ती उड्या मारते, गाठी घालते, आणि ओढली की आतली तार तुटते. लग्न झालं त्या वर्षी चंद्रावतीनं माझी गुंडाळलेली वायर हातात घेतली आणि विचारलं, ही वायर हाय का जिलबी. त्या दिवसापासून ते काम तिच्याकडे गेलं ते तीस वर्षं तिच्याकडेच राहिलं.

कार्यक्रमाहून सामान घरी आलं की ती आधी ओल्या फडक्यानं वायरी पुसायची. मांडवातल्या वायरीवर हळद असते, शिरा असतो, पानाची पिंक असते. पुसून झालं की अंगणात सकाळच्या उन्हात लांब सोडायची. ऊन लागलं की वरचं रबर मऊ पडतं. मग एक टोक धरून सगळी वायर चिमटीतून शेवटपर्यंत काढायची, म्हणजे आतला पीळ पुढे सरकत टोकाकडून निघून जातो. त्यानंतर गुंडाळायची. गुंडाळायची कशी, ते मी कधी नीट बघितलं नाही. मी तेव्हा झोपलेलो असायचो, नाहीतर मशीन उघडून बसलेलो. गुंडाळून झालं की जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधून भिंतीतल्या जाड खुंटीला टांगायची. खिळ्याला टांगू द्यायची नाही, वायर मोडते म्हणायची.

तिनं बांधलेलं भेंडोळं मी एक टोक हातात ठेवून फेकलं की वायर सरळ जाऊन स्टेजपाशी पडायची. मांडवातली मुलं परत टाका म्हणायची. मला वाटायचं, मी चांगला फेकतो.

गेल्या आषाढात एका सकाळी तिला अंथरुणातून उठता येईना. पेणच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. तिथे मानेच्या मणक्यात गाठ निघाली. मोठ्या डॉक्टरांनी तिचे हात उचलून बघितले, बोटं दाबून बघितली आणि मला विचारलं, हातांना त्रास कधीपासून आहे. मी म्हणालो, पंधरा दिवस. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या हातून पाण्याचा तांब्या पडला होता, मी तिथून मोजलं. डॉक्टर म्हणाले, एवढी गाठ पंधरा दिवसांत होत नाही, वर्षभर तरी हात धड नसणार, वेळेवर आणलं असतं तर काही करता आलं असतं.

मी चंद्रावतीकडे बघितलं. ती शुद्धीत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिनं डोळे मिटून घेतले. मी समजलो, हिनं लपवलं.

खाटेच्या पायथ्याशी तिची मोठी बहीण धोंडुबाई उभी होती. त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. चंद्रावती श्रावणात गेली. बाराव्याला धोंडुबाई आली, बायकांमध्ये बसली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. पुढे दोन आठवड्यांनी गणपती होते. आधी ठरलेली कामं मी मोडली नाहीत, सेट दिले. मला वाटलं, त्याचा तिला राग आला असेल.

वायरी आता मी गुंडाळायला लागलो. कोपरावरूनच, कारण मला दुसरं येत नव्हतं. दिवाळीपर्यंत दोन तुटल्या, माघापर्यंत आणखी तीन. उरलेल्या इतक्या पिळवटल्या की भेंडोळं जमिनीवर ठेवलं तरी आपोआप उकलून वाकडं व्हायचं.

आमच्या शेजारी पोपटचा गणपतीचा कारखाना आहे. तो मूर्ती रबरी साच्यात काढतो आणि साचा कडक होऊ नये म्हणून त्याला तेलाचा हात लावतो. त्यानं मला सांगितलं, रबर ते रबर, वायरीला तेल चोळ, मऊ पडेल. मला ते पटलं. जोह्यात राहणाऱ्या माणसाला साच्याची गोष्ट पटतेच. एक दुपार बसून मी नऊच्या नऊ वायरी खोबरेल तेलानं चोळल्या. पहिले दोन दिवस बऱ्या वाटल्या. मग रबर फुगलं, चिकट झालं, आणि कारखान्यातून उडून येणारी पांढरी पूड त्याच्यावर बसली. पुसून निघेना.

वैशाखात वडखळला एक हळद होती. आमच्याकडे हळदीला धवलारीण लागते, लग्नाची गाणी म्हणणारी बाई. गोदूबाई धवलारीण सत्तरीची आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. तिनं गाणं उचललं आणि माईक बंद पडला. मी वायर हलवली, चालू झाला. परत बंद पडला. असं पाच वेळा झालं. शेवटी गोदूबाईनं माईक बाजूला ठेवला आणि तशीच गायली. निघताना मला जवळ बोलावून म्हणाली, जनू, मी म्हातारी झाले तरी चालते, तुझी वायर चालत नाय. चंद्रा आणि तिची बहीण, दोघींचा गुंडाळायचा हात एकच. बहिणीकडे जा, ती दाखवील.

दुसऱ्या दिवशी मी चार वायरी पिशवीत घातल्या आणि एसटीनं वडखळला उतरून खाडीकडे चालत गेलो. धोंडुबाई मिठागरावर होती. पावसाच्या आधीचे शेवटचे दिवस, त्यामुळे सगळे घाईत होते. ती लाकडी फळीनं मीठ कडेला ओढत होती. मला बघून थांबली नाही. मी बांधावर उभा राहिलो. बऱ्याच वेळानं ती वर आली, मडक्यातलं पाणी दिलं आणि पिशवीकडे बघून विचारलं, काय हाय.

मी म्हणालो, चंद्राच्या वायरी.

तिनं एक हातात घेतली आणि बोटं लुगड्याला पुसली. म्हणाली, तिच्या अशा चिकट नव्हत्या. मी पोपटचं तेल सांगितलं. धोंडुबाईनं माझ्याकडे नीट बघितलं.

"साच्याला लावतात ते वायरीला लावलंत? आता शाडूचा माईक पण करा, भावोजी."

दहा महिन्यांत ती त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होती. मला ते टोमण्यासारखं लागलंच नाही.

मी बांधाखालच्या पाण्यात वायर बुडवायला निघालो तर तिनं हात धरला. ते मिठाचं पाणी, टोकातून आत गेलं तर तार हिरवी पडेल, म्हणाली. प्यायच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी आणि साबणाचा तुकडा तिनं दिला. फडकं पिळून पिळून मी चारही वायरी पुसल्या. तास गेला. मग तिनं त्या बांधावर लांब सोडायला लावल्या. मिठागराचा बांध सरळ असतो, वायर पूर्ण लांब होते. वैशाखाचं ऊन होतं. ती परत मीठ ओढायला गेली, मी वायरींजवळ बसून राहिलो.

ऊन थोडं कलल्यावर ती आली आणि तिनं गुंडाळायचं दाखवलं. त्यांचा बाप कान्हू उघाडी सांभाळायचा. खाडीच्या बांधाला पाणी घ्यायचं लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरती चढायला लागली की दार झटकन खाली सोडावं लागतं. दोरात गाठ पडली तर दार अर्ध्यात अडकतं आणि खारं पाणी भातशेतीत शिरतं. म्हणून दोर असा ठेवायचा की सोडला की सुटत जाईल. दोघी बहिणी सात-आठ वर्षांच्या असल्यापासून तो दोर गुंडाळायच्या. एक फेरा सुलटा. पुढच्या फेऱ्याला मनगट आत वळवून अंगठा खाली करायचा, तो उलटा. सुलट्यानं घातलेला पीळ उलटा काढतो. वायरीला जेवढा मोठा फेरा हवा तेवढाच द्यायचा. लहान करायला गेलं तर ती ऐकत नाही.

मला जमेना. दोन सुलटे पडायचे, नाहीतर दोन उलटे. तिनं तीनदा माझ्या हातातून घेऊन सोडवली. तीस वर्षं नुसतं बटण फिरवलंत, म्हणाली. मी दमलो आणि तिला म्हणालो, ते दुसरं शिकवा मग, ते सोपं दिसतं. शेवटच्या वर्षी चंद्रावती असं हातात गुंडाळतच नव्हती. जमिनीवर बसायची आणि वायर डमरूच्या आकारात टाकत जायची, एकदा इकडून वळवून, एकदा तिकडून. सगळं अंगण अडायचं. मी ओरडायचो की पसारा करतेस, आळशी झालीस. पण खरं सांगायचं तर त्या वर्षी एकही वायर तुटली नाही.

धोंडुबाईचा हात थांबला. कधीपासून टाकायची, असं तिनं विचारलं. मी आठवून म्हणालो, आदल्या गणपतीपासून.

"तुम्हाला काय वाटलं, का टाकते?"

मी म्हणालो, सांगितलं ना, आळस.

ती खाली बसली. म्हणाली, "दोर हातात पेलवंना झाला की म्हातारे तसा टाकतात. आमच्या बापानं शेवटची दोन वरसं तसाच टाकला. त्याला मूठ वळावी लागत नाय."

मग तिनं मला सांगितलं. आदल्या श्रावणात चंद्रावती माहेरी आली होती, तेव्हा ती बहिणीला म्हणाली की हातांना मुंग्या येतात, मूठ वळत नाही. धोंडुबाईनं तिला सांगितलं, नवऱ्याला सांग. पुढच्या खेपेला विचारलं तर चंद्रावती म्हणाली, सांगितलं. पुढे वर्षभर धोंडुबाई समजत होती की मला माहीत आहे, मी पेणला औषध करतो आहे. आणि मुंबईला डॉक्टरांपुढे मी पंधरा दिवस म्हणालो.

"मी पायाशी उभी होते, भावोजी. तिनं ते ऐकलं आणि डोळे मिटले. मी म्हटलं, हा माणूस तिच्या तोंडावर खोटं बोलतो."

मी म्हणालो, मला नव्हतं सांगितलं. शपथ घेऊन म्हणालो. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

 धोंडुबाई मऊ आवाजात म्हणाली, नसंल सांगितलं. गणपतीच्या दिवसांत तुमचं काम थांबंल म्हणून तुम्हाला सांगितलं नसंल आणि मी मागं लागू नये म्हणून मलाही खोटं बोलली असंल. ती तशीच होती. मी दहा महिने तुम्हाला नको ते समजले. असं म्हणून तिनं डबा उघडला आणि मला भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. माझ्या पानात वाढताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी भाकरी मोडली. दुसऱ्या हातात वायरीचं टोक होतं, ते तसंच राहिलं होतं. त्याच्या जॅकची जोडणी मी केलेली. मी केलेली जोडणी मला कळते, आणि ही जरा वाकडी होती, घाईत केलेली. घाई कसली होती ते आठवलं. रोह्याचं काम होतं, गणपतीच्या आधी आठ दिवस, आणि माणूस टेम्पो घेऊन दारात उभा होता. वीज गेली होती म्हणून मी ओटीवर कोळशावर खिळा तापवून जॅकला सोल्डरिंगचा डाग देत बसलो होतो. चंद्रावती मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "अवो, माझी मूठ वळत नाय बघा. बोटं बधिर झाल्यासारखी झाल्यात." मी वळून बघितलं नाही. म्हणालो, गरम तेल लाव. आणि ती वायर दे इकडे.

एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही आणि मी विचारला नाही. त्याच आठवड्यात ती वायरी जमिनीवर टाकायला लागली.

घास माझ्या हातात होता. धोंडुबाई समोर बसली होती, तिच्या मनातलं किल्मिष गेलं होतं. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. सगळं चंद्रावतीच्या नावावर राहिलं असतं. तिनं नवऱ्यापासून लपवलं, बहिणीशी खोटं बोलली. ती काही सांगायला येणार नव्हती. डॉक्टरांपुढेही ती असंच काही बोलली नव्हती, मला उघडं पाडलं नव्हतं.

मी म्हणालो, "धोंडुबाय, तिनं सांगितलं होतं."

धोंडुबाईनं विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात. मी सांगितलं. तेल लाव म्हणालो ते सांगितलं, वायर मागितली ते सांगितलं. वळून बघितलं नाही, तेही.

 माझ्यापुढची भाकरी तिनं काढून घेतली नाही. पण उठली, फळी उचलली आणि खाली जाऊन मीठ ओढायला लागली. मी हाक मारली नाही. भाकरी तशीच झाकून ठेवली. चारही वायरी मी बांधावर बसून गुंडाळल्या, एक सुलटा, एक उलटा. चुकलं की परत सोडल्या. उजेड कमी होईपर्यंत जमायला लागलं होतं. निघताना मी तिच्याकडे बघितलं. तिची माझ्याकडे पाठ होती.

त्यानंतरच्या रविवारी मी पेणहून गाडीनं रोह्याला गेलो. जावई कंपनीत शिफ्टला गेला होता. शांती स्वयंपाकघरात मोड आलेले वाल सोलत बसली होती. चहा टाकते म्हणून उठायला लागली, मी तिला बसवलं. कसं सुरू करावं हे गाडीत ठरवून आलो होतो, ते सगळं विसरलो. म्हणालो, तुझ्या आईनं आजार लपवला नव्हता. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

शांतीनं कधी, कुठे, काय म्हणाली, सगळं विचारलं. पोलिसांनी विचारावं तसं विचारलं. मी एक एक सांगत गेलो. तिच्या हातात वालाचा दाणा होता, तो तिनं सोलला नाही, टाकलाही नाही. शेवटी तिनं विचारलं, तुम्ही तेल लाव म्हटल्यावर आई काय म्हणाली.

मी सांगितलं, काही नाही. वायर दिली.

"मूठ वळत नव्हती तर दिली कशी?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मी विचार करायला लागलो. वायर माझ्या खांद्याजवळ आली होती. मी मान न वळवता ती घेतली होती, पण घेताना हात दिसले होते. ते मला तिथे, शांतीसमोर बसल्यावर आठवलं. मी तिला हात जोडल्यासारखे करून दाखवले. म्हणालो, अशी. दोन तळव्यांमध्ये दाबून धरली होती.

शांती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग तिला रडू फुटलं. आई गेली त्या दिवसापासून ती रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, तर तिनं खांदा बाजूला घेतला. मी हात मागे घेतला आणि ती रडायची थांबेपर्यंत तिथेच जमिनीवर बसून राहिलो. ती थांबली तेव्हा उन्हं गेली होती. जेवून जा, असं ती म्हणाली नाही. मी संध्याकाळच्या गाडीनं पेणला परत आलो.